अठ्ठ्याऐंशीवं पान

कृष्णातच्या प्रबंधाचं एकशे त्रेचाळिसावं पान टाइप करताना मेहरुन्निसाला मधोमध तिचं स्वतःचं वाक्य भेटलं. दुपारचे तीन वाजून गेले होते. बिंदू चौकाजवळच्या गल्लीतल्या त्या माडीवर नोव्हेंबरातलं ऊन खिडकीतून आत येऊन मशीनच्या रोलरवर पडलं होतं, आणि कृष्णातच्या तिरप्या, घाईच्या अक्षरात, अवतरणचिन्हांच्या आत ते वाक्य ऐटीत बसलं होतं : "वाकळ शिवणारी स्त्री शेवटचा टाका स्वतः घालीत नाही. ती सुई घरातील धाकटीच्या हाती देते. कारण आपल्या हातून पुरे झालेले आपल्यापाशीच संपते, दुसरीच्या हातून पुरे झालेले पुढे जाते." खाली तळटीप होती. कृष्णातच्या मार्गदर्शकांचा, सयाजीसरांचा प्रबंध, १९७२, पान ८८. तिची बोटं आपोआप थांबली. बावीस वर्षं ती दुसऱ्यांची वाक्यं टाइप करत आली होती. त्यातली निम्मी तिनं वाटेत सरळ केली होती. पण त्यातलं एकही असं बारा वर्षांनी फिरून, तेही पुराव्याच्या थाटात, तिच्या पुढ्यात येऊन बसलं नव्हतं. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं, आपण हात वर करावा आणि त्यानं आपल्याला ओळखूच नये, तसं तिला झालं.

तिनं चाळिशी काढली, पदराला पुसली, परत घातली. ही चाळिशी घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि माडीवर येणाऱ्या एकाही पोराला तिचा पत्ता नव्हता. जिन्यावर पावलं वाजली की चाळिशी ड्रॉवरमध्ये जाई. टायपिस्टचे डोळे गेले हे एकदा माळावरच्या विद्यापीठात कळलं की आपला कारभार आटोपला, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. राजारामपुरीत टायपिंगच्या दोन नव्या इन्स्टिट्यूट निघाल्या होत्या, तिथल्या पोरी विशीतल्या होत्या आणि मिनिटाला चाळीस शब्द बडवत होत्या. बडवोत बापड्या. तरी प्रबंधाची पोरं अजून मेहरुन्निसाकडंच येत, कारण ती नुसतं टाइप करत नसे, हात फिरवून देई. हात फिरवणं हा शब्द कुणी कागदावर लिहीत नसे. एक पोरगं दुसऱ्याच्या कानात सांगे, आक्काकडं जा, आक्का हात फिरवून देत्यात. मग हातकणंगल्याचं, कागलचं, कुठकुठल्या वाडीवस्तीवरचं पोरगं पिशवीत फुलस्केपचा गठ्ठा घेऊन जिना चढे. घराण्यात पहिलंच इतकं शिकलेलं. बोलायला बसलं की ऐकत राहावं, आणि कागद पुढ्यात आला की त्याच्या वाक्यांचे पाय लटपटत. एकेकाचं वाक्य पन्हाळ्यावर चढायला म्हणून निघे आणि क्रियापद सापडायच्या आत पायथ्यालाच बसकण मारी. मार्गदर्शक मंडळी समासात लाल रेघ ओढून 'सुधारा' असं लिहीत. कसं सुधारा, हे लिहायला त्यांना सवड नसे. ते 'सुधारा' शेवटी मेहरुन्निसाच्या वाट्याला येई. ती कधी विचारत नसे, पोरंही विचारत नसत. काम झालं की पोरगं खिडकीशी उभं राहून आपली पानं वाची आणि त्याच्या तोंडावर हळूहळू उमटे की आपण वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं लिहितो की. तो चेहरा बघायला तिला आवडे, आणि शिकायचं राहून गेल्याचं दुःख त्या घटकेपुरतं कमी होई.

ती स्वतः मॅट्रिक होती. वडील, मौलाली, पुस्तकं बांधायचे. ते लवकर गेले आणि घरात खळीचा वास तेवढा बरीच वर्षं राहिला. मग अम्मा, सुलतानबी, लोकांच्या वाकळा-गोधड्या शिवून द्यायला लागली आणि वाकळांच्या पैशांवरच मेहरुन्निसा टायपिंग शिकली. लग्नाचं एकदोनदा निघालं आणि राहिलं, त्याबद्दल तिला आता काही वाटत नसे. प्रबंधातलं सगळ्यात शेवटी टाइप करायचं पान म्हणजे ऋणनिर्देश. त्यात आधी मार्गदर्शक, मग आईवडील, पत्नी, ग्रंथालयातले कर्मचारी, आणि अगदी तळाला, सुबक टंकलेखनाबद्दल तिचे आभार. स्वतःचे आभार स्वतःच चार प्रतींत टाइप करायचे, अशी ती गंमत होती. त्या एका ओळीवर मात्र तिनं कधीच हात फिरवला नाही.

बहात्तर सालच्या पावसाळ्यात सयाजीसर नुसते सयाजीराव होते आणि एका कॉलेजात शिकवत होते. बायकांच्या हातकामावरचा त्यांचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. वडील आजारी असल्याची तार आली म्हणून ते गगनबावड्याकडच्या आपल्या गावी गेले, आणि मागं रस्ता बंद झाला. गुरुवारी मेहरुन्निसाच्या लक्षात आलं की हस्तलिखितातलं एक पान नाही. आधीचं पान "वाकळ शिवताना या स्त्रिया" इथं तुटत होतं, आणि नंतरचं पान "अशा रीतीने ही वस्तू केवळ उपयोगाची न राहता नात्याची होते" असं सुरू होत होतं. मधे बायका काय करतात, हे सांगणारं पान गायब. तिनं टेबल ओढलं, ट्रंका उपसल्या, रद्दीचा ढीग पानपान करून बघितला. गावाला फोन नव्हता, एसटी बंद होती. पान कोरं सोडावं तर पुढच्या चाळीस पानांचे आकडे अडकून पडत होते आणि बाइंडर रविवारी दारात उभा राहणार होता. शनिवारी दुपारपर्यंत तिनं वाट बघितली. मग ती त्या दोन तुटक्या वाक्यांकडं बघत बसली, आणि त्यांच्या मधे तिला अम्मा बसलेली दिसली.

अम्मा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. रविवार पेठेतल्या कुणाच्या तरी सोप्यावर, भिंतीला पाठ लावून, मांडीवर जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची चवड घेऊन ती बसलेली असे. वाकळ ती कडेनं धरायची. कडेनं एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं करत करत मधे यायची, आणि तोंडानं तिच्या गप्पा चालूच असायच्या. हाताकडं ती क्वचितच बघायची. घरातल्या बायका म्हणायच्या, सुलतानबीच्या बोटांना डोळे हायत. शेवटी मधोमध रुपयाएवढी जागा उरली की ती हात थांबवी आणि शेजारी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेल्या मेहरुन्निसाच्या पुढ्यात सुई धरी. "ले, आखरी टाका तेरे हात का." मेहरुन्निसा तो टाका घाली, गाठ मारी, दोरा दातानं तोडी, आणि वाकळ झाली. एकदा तिनं विचारलं होतं की हे असं का. अम्मा जरा थांबली, मग म्हणाली होती, "अपने हात से पूरा किया तो उधरच खतम." एवढंच. ते त्या शनिवारी मेहरुन्निसानं प्रबंधाच्या भाषेत लिहिलं. प्रबंधाच्या भाषेत एक बाई कधी नसतेच, तिथं स्त्रिया असतात. त्यामुळं अम्माच्या दक्षिण महाराष्ट्रातील स्त्रिया झाल्या, मेहरुन्निसाची घरातील धाकटी झाली, आणि सोप्यावरची ती दुपार एक प्रथा होऊन गेली. टाइप झाल्यावर ते अठ्ठ्याऐंशीवं पान ठरलं.

तिनं सांगायचं ठरवलं होतं, हे खरं. रविवारी सयाजीराव गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आले, उभ्या उभ्या पानं चाळायला लागले, आणि नेमके त्या पानावर थबकले. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर पान जरा लांब धरून म्हणाले, "हे मात्र आपलं झकास उतरलंय." मेहरुन्निसाचं तोंड उघडलेलं होतं, ते तिनं मिटलं. एवढं खूश झालेल्या माणसाला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं. पुढं त्यांना पदवी मिळाली, ते माळावर विद्यापीठात गेले, आणि येणारी पोरं सांगायची की सर शेवटच्या टाक्यावर काय बोलतात, वर्ग चिडीचूप होतो. हरवलेलं पान दिवाळीत सापडलं, कार्बनच्या जुन्या डब्यात, तळाला चिकटून. त्यात सुयांचे प्रकार आणि दोऱ्यांचे नंबर होते. ते तिनं ट्रंकेत ठेवून दिलं आणि त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही. तिला पश्चात्ताप झाला असं म्हणणं खोटं ठरेल. उलट बरं वाटलं होतं. अम्माचा फोटो नव्हता, अम्माच्या नावावर काही नव्हतं. याच माडीच्या जिन्यावरून, भर सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात तिचा पाय चुकला, चक्कर आली असणार असं सगळे म्हणाले, डॉक्टरही तेच म्हणाले, आणि एकोणीस दिवसांनी ती गेली. मागं राहिलं ते एवढं एक पान, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत. त्यावर तिचं नाव नव्हतं, पण ती तिथं होती, हे मेहरुन्निसाला माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं.

आता समोर कृष्णातचा प्रबंध होता. ती पुढची पानं न टाइप करता नुसती वाचत गेली. पाचवं प्रकरण सगळंच्या सगळं त्या वाक्यावर उभं होतं. 'पूर्णत्वाचा त्याग : शेवटच्या टाक्याची प्रथा' असं त्याचं भारदस्त नाव होतं आणि चोवीस पानं होती. तळाशी तत्रैव, तत्रैव, परत तत्रैव. जिथं तिथं बोट अठ्ठ्याऐंशीव्या पानाकडं. कृष्णातनं त्यातून आईपणावर निष्कर्ष काढले होते, मरणावर काढले होते, गावगाड्यातल्या बायकांच्या मनावर काढले होते, आणि गंमत म्हणजे वाक्यं फार वाईट नव्हती, या पोराच्या हातात काहीतरी होतं. तिला पहिल्यांदा अभिमान वाटला. अम्मा एवढी मोठी झालेली बघून कुणाला वाटणार नाही? मग तिला शुक्रवार आठवला. कृष्णात तीन वर्षं हातकणंगल्याकडच्या एका कॉलेजात तात्पुरता होता. प्रबंध या शुक्रवारी गेला तर तो कायम होणार होता, नाही गेला तर त्याच्या जागेवर यायला दुसरा माणूस आंघोळ करून तयारच होता. आणि या पोरानं आपली सगळी इमारत तिच्या एका शनिवारच्या दुपारीवर चढवली होती.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. सयाजीसर त्याचे मार्गदर्शक. ते आपलंच वाक्य कशाला खोडतील? तपासायला येणाऱ्यांना छापील आधार लागतो, तो होता. वाकळ शिवणाऱ्या बायका काही ग्रंथालयात येऊन तक्रार करणार नव्हत्या. शिवाय तिच्या मनात एक चोरटी आशा होतीच, की कृष्णात गावोगाव फिरला आहे, त्याला कुणीतरी सांगितलं असेल, व्हय बाबा, आम्ही असंच करतो. तसं असेल तर ते वाक्य खरंच होतं, तिनं नुसतं ते आधी लिहिलं होतं. अम्माला तरी ती रीत कुठून तरी मिळालीच असेल ना. ती हे मनात घोळवत राहिली, दुसऱ्या एका पोराचे तक्ते टाइप करत राहिली, त्यात दोनदा चुकली, आणि एकशे त्रेचाळिसावं पान अर्धं तसंच मशीनशेजारी पडून राहिलं.

मंगळवारी सकाळी अकराला कृष्णात आला. जिना तो दोन दोन पायऱ्या गाळत चढायचा, त्यामुळं चाळिशी लपवायला तिला नेहमीच घाई होई. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर जागरणाचा तवंग. किती पानं झाली, हे त्यानं बसायच्या आधीच विचारलं. तिनं त्याला पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाचव्या प्रकरणासाठी वाकळ शिवणाऱ्या बायका त्याला किती भेटल्या.

"सात," तो म्हणाला. "आमच्या गावच्या चार, पन्हाळ्याकडच्या तीन."

"आणि शेवटच्या टाक्याचं काय म्हणाल्या?"

कृष्णातनं मान खाजवली. मग हसला. "न्हाय म्हणाल्या की. सातच्या सात. असलं काय आमी करत न्हाय म्हणाल्या. मला वाटलं इसरल्यात. सरांना इचारलं तर सर म्हणाले, प्रथा लुप्त झाली म्हणून लिही. तवा तसं लिवलं." मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं पिशवीतून वही काढली. "एक बायडाबाई हाय आमच्यात, सत्तरीच्या पुढची. ती तर अंगावरच आली माझ्या. म्हणाली, शेवटचा टाका दुसरीला कशाला देऊ? डोळं गेल्यात काय माझं?"

तो हसत होता. त्याला तो म्हातारीचा फणकारा वाटत होता आणि तो फणकाराच होता. मेहरुन्निसा हसली नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, डोळं गेल्यात काय माझं, आणि मग काही वेळ तिच्या लेखी या माडीवर कृष्णात नव्हता. लहानपणी शाळेला जायच्या आधी रोज सकाळी ती वीस-पंचवीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. पोरीला कामाची सवय असावी म्हणून, असं अम्मा शेजारणींना सांगायची. तांदूळ निवडायला अम्मा कधी बसायची नाही, म्हणायची कंटाळा येतो. कापडाचे तुकडे मांडून ती विचारायची, इसमें का कौन सा रंग अच्छा लगता तुझे, आणि मेहरुन्निसा मोठ्या तोऱ्यात लाल सांगायची, जांभळा सांगायची, आपली पसंत विचारली जाते म्हणून फुगून जायची. अम्माला पसंत नको होती. कुठला तुकडा कुठल्या रंगाचा हे तिला कळायला हवं होतं. कडेचे फेरे बोटानं मोजता येतात, एका ओळीवर बोट ठेवून दुसरी घालता येते. पण मधे, रुपयाएवढ्या जागेत, सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर येतात, तिथं बोटांना काही समजत नाही, तिथं बघावं लागतं. म्हणून सुई पुढं यायची. तिनं का म्हणून विचारलं तेव्हा अम्मा जरा थांबली होती. ते थांबणं मेहरुन्निसाला बारा वर्षांपूर्वी फार खोल वाटलं होतं. अम्मा तेव्हा नुसती कारण शोधत होती. वाकळवालीचे डोळे गेले हे कळलं असतं तर कुठल्या सोप्यावर तिला बोलावलं असतं? आणि मग तो जिना, सकाळचे दहा, लख्ख उजेड. सगळे म्हणाले चक्कर. मेहरुन्निसाही म्हणाली होती चक्कर.

तिला रडू आलं नाही. राग आला, तो आधी अम्माचा आला, की मला तरी सांगायचं, मी कोण परकी होते. मग तिचा हात आपोआप ड्रॉवरच्या मुठीवर गेला, जिथं आत्ताच, या पोराची पावलं ऐकून, तिनं चाळिशी ढकलली होती, आणि तो राग कुणावर काढायचा ते तिला कळेना. कृष्णात केव्हाचा विचारत होता की आक्का, काय झालं, बरं वाटत नाही का.

"ते पान सरांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी लिहिलंय."

मग तिनं सगळं सांगितलं, बंद रस्ता, तुटलेलं वाक्य, शनिवार, अम्माचा शेवटचा टाका, झकास उतरलंय. तो ऐकत होता पण त्याचा विश्वास बसत नव्हता. आक्का थट्टा करतात असं त्याला वाटत असावं. ती उठली, आतल्या खोलीतल्या ट्रंकेतून जुनं पान काढून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. सरांचं अक्षर त्यानं लगेच ओळखलं, तीन वर्षं त्याच अक्षरातलं 'सुधारा' तो वाचत आला होता. सुया चार प्रकारच्या असतात, असं त्यावर पहिलंच वाक्य होतं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि पान गुडघ्यावर ठेवलं.

"पण तुमच्या घरात तर ही प्रथा हुती न्हवं?" त्यानं शेवटी विचारलं, आणि त्याच्या आवाजात इतकी आशा होती की तिला त्याची दया आली. "एका घरात असली तरी चालतंय की. सरांचं बी राहतंय, माझं बी."

एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर अम्मा काळ्या रेक्झिनमध्ये सुखानं राहिली असती, शहाणी, गंभीर, मरणाबिरणाचा विचार करणारी, आणि हे पोर शुक्रवारी माळावर जाऊन मोकळं झालं असतं. ती शहाणी अम्मा सोडली की मागं उरणार होती एक बाई, जी चाचपडत होती आणि ते कुणाला कळू देत नव्हती. मेहरुन्निसाला ती पहिली बाई फार आवडत होती. पण सोप्यावर बसली होती ती दुसरी.

"प्रथा नव्हती," ती म्हणाली. "तिला दिसत नव्हतं."

कृष्णात चोवीस पानांचा हिशेब घालायला लागला. शुक्रवारपर्यंत दुसरं काय लिहायचं, सरांना काय सांगायचं, सर एक अक्षर ऐकून घेणार नाहीत. ती म्हणाली, सात बायकांनी जे सांगितलं ते तुझ्या वहीत आहे, तेच लिही. तू तोंडानं सांग, मी टाइप करते, शुक्रवारच्या आत होईल. आणि सरांचं म्हणशील तर ते वाक्य सरांचं नाहीच, त्यांचा काही दोष नाही, तळटिपीत माझं नाव घाल.

"तसं कसं, आक्का," तो म्हणाला. "समद्यांना कळंल तुमी दुसऱ्याच्या प्रबंधात पानं घालता म्हणून. मग कोण यील तुमच्याकडं?"

भीती वाटत होती, ती तिनं नाकारली नाही. चार कोरे कागद आणि तीन कार्बन तिनं एकावर एक ठेवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि मशीनला लावले. मग ड्रॉवर ओढला, चाळिशी काढली आणि त्याच्या देखत डोळ्यांवर चढवली. तो बघत राहिला.

"चाळिशी कवा लागली?"

"दीड वर्ष झालं. सांग, बायडाबाई काय म्हणाली ते."

त्यानं वही उघडली. एकदा घसा खाकरला आणि प्रबंधाच्या आवाजात सुरुवात केली, की सदर स्त्रीने असे नमूद केले, की शेवटचा टाका दुसऱ्या स्त्रीकडे देण्याचे तिला कोणतेही प्रयोजन—

"तसं नको. ती म्हणाली तसं सांग."

"असंच? गावठीच?"

"असंच."

त्यानं वहीतून वाचलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मेहरुन्निसानं असं गावठी वाक्य हात न फिरवता तसंच टाइप केलं, शेवटचा टाका दुसरीला कशाला देऊ, डोळं गेल्यात काय माझं. मग रोलर खाली घेऊन तिनं रेघ ओढली आणि तळटीप त्याला न विचारता घातली. यापूर्वीच्या प्रबंधातील पान ८८ वरील मजकूर प्रस्तुत टंकलेखिकेचा असून तो एका व्यक्तीपुरता आहे, असं तिनं लिहिलं. आणि पुढं, जरा थांबून : सुलतानबी मौलाली, वाकळ शिवणाऱ्या, रविवार पेठ, कोल्हापूर. शेवटची बरीच वर्षे त्यांना दिसत नव्हते.